डाउनहिल सायकलिंग : वेगाआधी ब्रेकवर प्रभुत्व आवश्यक

दगडधोंडे, झाडांची मुळे आणि अवघड वळणे पार करीत डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या सायकल क्रीडाप्रकारास ‘डाउनहिल माउंटन बायकिंग’ म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ मध्ये सुरू झालेली ‘रिपॅक’ शर्यत या खेळाच्या आरंभीच्या शर्यतींपैकी एक होय. त्या काळच्या सायकलींच्या मागील चाकातील ब्रेक एका उतारातच इतका तापत असे की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला हे नाव पडले. माउंटन बायकिंगमधील क्रॉस-कंट्री प्रकार १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. डाउनहिलला मात्र तेथे स्थान नाही.

साधने बदलली, तरी नवशिक्यापुढील पहिला प्रश्न आजही ब्रेकचाच असतो. ब्रेक लावताच शरीराचा भार पुढे सरकतो. पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास स्वार हँडलवरून फेकला जाऊ शकतो, तर केवळ मागचा दाबल्यास चाक घसरते. त्यामुळे दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू दाबण्याचा सराव प्रथम सपाट मैदानावर करावा. वेग वळणापूर्वीच कमी करावा. वळणात जोरात ब्रेक लावल्यास टायरची पकड सुटण्याचा धोका असतो. अमेरिकेत पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला, तर ब्रिटनमध्ये उजव्या हाताला असतो. म्हणून भाड्याची किंवा नवी सायकल घेतल्यावर कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हे आधी तपासावे.

उतारावर सीट खाली करून, दोन्ही पेडल समान उंचीवर ठेवून उभे राहावे. गुडघे व कोपर किंचित वाकलेले, टाचा थोड्या खाली आणि नजर चाकासमोर नव्हे, तर पुढील वाटेवर असावी.

स्पर्धेच्या सायकलींना दोन्ही चाकांवर सुमारे २०० मिलिमीटर हालचालीचे सस्पेन्शन असते. सौम्य उतारावर शिकण्यासाठी पुढचे सस्पेन्शन आणि सुस्थितीतील डिस्क ब्रेक असलेली माउंटन बाइक पुरेशी ठरते. खर्चात काटकसर करायची तर ती सायकलीत करावी, संरक्षक साधनांत नव्हे. हनुवटीसह संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गुडघा व कोपराची कवचे आणि पूर्ण बोटांचे हातमोजे आवश्यक आहेत. जोरदार आघात झालेले हेल्मेट वरून अखंड दिसले, तरी बदलावे.

अनेक देशांतील सायकल उद्यानांत वाटांची काठिण्यपातळी रंगांनी दर्शवितात. हिरवी वाट सर्वांत सोपी, तर काळी अवघड असते. भारतातील बहुतेक डोंगरवाटांवर अशा खुणा नसतात. शिवाय त्याच वाटेने ग्रामस्थ आणि गुरेही जात-येत असतात. त्यामुळे वाट आधी पायी पाहून घ्यावी. व्यावसायिक स्पर्धकही शर्यतीपूर्वी हेच करतात. संरक्षित वनक्षेत्रात वन विभागाची परवानगी घ्यावी आणि नवशिक्याने एकट्याने उतरू नये. वाटेच्या कोणत्याही टप्प्यावर हव्या त्या ठिकाणी सायकल थांबवता येऊ लागली, की मगच वेग वाढवावा.