मोसमाचा पहिला चेंडू : डॉजर्स संघाच्या सलामीच्या पिचरांची यादी – एक ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना

वंशावळ, हजेरीपट, पगारपत्रक अशा कोरड्या याद्यांतून समाजाचा इतिहास वाचण्याची पद्धत आता इतिहासलेखनात रूढ झाली आहे. क्रीडा इतिहासाकडे मात्र अशा याद्या विपुल असूनही त्यांचा उपयोग बहुधा विक्रम मोजण्यापुरताच केला जातो. प्रस्तुत लेखात अशाच एका यादीचा विचार केला आहे. अमेरिकेतील डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने दरवर्षी मोसमाच्या पहिल्या सामन्यात प्रारंभीचा पिचर म्हणून ज्यांना उतरवले, त्यांची ही नामावली आहे. हा संघ १९५७ पर्यंत न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे होता. १९५८ पासून तो लॉस एंजेलिसमध्ये आहे.

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. क्रिकेटच्या परिभाषेत 'सलामीवीर' हा शब्द आपण फलंदाजासाठी राखून ठेवला आहे. बेसबॉलमध्ये तो मान पिचरकडे जातो. आजच्या १६२ सामन्यांच्या मोसमात संघाचे साधारण पाच प्रमुख पिचर आळीपाळीने उतरतात, कारण एका सामन्यानंतर खांद्याला व कोपराला चार-पाच दिवसांची विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे एका पिचरच्या वाट्याला मोसमात तीसेक सामने येतात. त्यांपैकी पहिल्याला गुणतक्त्यात इतरांहून अधिक मोल नाही. तरीही तो कोणाला मिळणार याची चर्चा वसंतातील सराव शिबिरापासून सुरू होते आणि ज्याला तो मिळतो तो संघाचा श्रेष्ठ पिचर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हे गृहीतक डॉजर्सच्या यादीवर तपासले असता टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या दिवशी कोण उभा राहिला यामागे कौशल्याइतकेच वर्ण, वेतन, दुखापत आणि बाजारपेठ ही कारणे दिसतात.

ब्रुकलिनचा काळ

१५ एप्रिल १९४७ ही तारीख अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात सर्वश्रुत आहे. त्या दिवशी ब्रुकलिनच्या एबट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन याने पदार्पण केले आणि विसाव्या शतकातील प्रमुख लीगांमधील वर्णबंदी प्रथमच मोडली. तोच मोसमाचा पहिला सामना होता. बॉस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध डॉजर्सने तो ५-३ असा जिंकला. डॉजर्सचा प्रारंभीचा पिचर होता जो हॅटन. त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. आपली यादी त्या वर्षासमोर केवळ 'हॅटन' एवढेच नोंदवते आणि रॉबिन्सनविषयी मौन पाळते. साधनाची मर्यादा इथेच ध्यानात घेतलेली बरी.

वर्णाचा प्रश्न यादीत उमटायला आणखी तीन वर्षे लागली. १९५० च्या मोसमाचा पहिला सामना फिलाडेल्फियात झाला आणि त्यात डॉजर्सकडून डॉन न्यूकम हा कृष्णवर्णीय पिचर उतरला. आदल्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा सन्मान मिळाला होता. हा सामना डॉजर्स १-९ असा वाईट रीतीने हरले. परंतु निकालापेक्षा नेमणूक महत्त्वाची आहे. कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेणे ही एक पायरी होती. सर्वांच्या नजरा ज्या जागेवर खिळतात ती त्याच्या स्वाधीन करणे ही त्यापुढची होती. सैन्यसेवेत १९५२ व १९५३ हे मोसम गमावूनही १९५६ साली न्यूकमने २७ सामने जिंकले. त्याच वर्षी सुरू झालेल्या साय यंग पुरस्काराचा तो पहिला मानकरी ठरला.

ड्रायस्डेल, कोफॅक्स आणि १९६६ चा वसंत

पश्चिम किनाऱ्यावर आल्यानंतरचा पहिला सामना, १५ एप्रिल १९५८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत झाला. एकवीस वर्षांचा डॉन ड्रायस्डेल उतरला आणि संघ ०-८ असा हरला. तरीही पुढील दशकात हा मान वारंवार त्याच्याकडेच आला, एकूण सात वेळा. १९६२ साली डॉजर स्टेडियमचे उद्घाटन झाले त्या दिवशी मात्र जॉनी पॉड्रेस उतरला. ब्रुकलिनला मिळालेल्या एकमेव विश्वविजेतेपदाचा, १९५५ चा, निर्णायक सामना त्यानेच जिंकून दिला होता.

यादीतील सर्वांत बोलके स्थान सँडी कोफॅक्सचे आहे. तीन साय यंग पुरस्कार मिळवणारा हा डावखुरा पिचर त्याच्या काळातील सर्वश्रेष्ठ मानला जातो. त्याचे नाव या यादीत केवळ एकदाच येते. १९६४ साली त्याने सेंट लुईसविरुद्ध एकही धाव न देता ४-० असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी सराव शिबिरातच त्याच्या कोपराचा संधिवात उघड झाला आणि सलामी पुन्हा ड्रायस्डेलकडे गेली.

१९६६ ची नोंद मात्र दुखापतीची नाही. त्या वर्षी पहिला सामना क्लॉड ऑस्टीन याने खेळला. तो चांगला पिचर होता, पण कोफॅक्स आणि ड्रायस्डेल संघात असताना ऑस्टीन पहिला का, याचे उत्तर वेतनात आहे. त्या वसंतात या दोघांनी एकत्र वाटाघाटी करण्याचा निश्चय केला. दोघांना मिळून तीन वर्षांचे दहा लाख डॉलर द्यावेत ही त्यांची मागणी होती, आणि ती मान्य होईपर्यंत शिबिरात पाऊल न ठेवण्याचे त्यांनी ठरवले.

या कृतीचे धैर्य समजण्यासाठी 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचे करारातील कलम ध्यानात घ्यावे लागते. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा नसल्याने त्याच्यापुढे दोनच वाटा उरत : मिळेल ते घ्या, नाही तर खेळ सोडा. एकेकट्या खेळाडूला दुसऱ्याचे उदाहरण दाखवून नमवणे व्यवस्थापनाला सोपे जात असे. दोघे एक झाल्यावर ती युक्ती चालेना. अखेर ३० मार्च रोजी समझोता झाला. कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले. मागणीच्या मानाने हे कमी असले तरी त्या काळी फारच मोठे वेतन होते. मोसमाला दोन आठवड्यांहून कमी अवधी उरला होता. सरावाविना हात तयार नव्हता आणि १२ एप्रिलला ऑस्टीन उतरला. म्हणजे यादीतील हे नाव एका संपाची खूण आहे. संप हा शब्द येथे काटेकोर अर्थाने लागू नसला, तरी सामूहिक वाटाघाटीचे बीज त्यात निश्चित होते. त्याच वर्षी मार्विन मिलर याने खेळाडू संघटनेची धुरा हाती घेतली, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

कोफॅक्सने त्या मोसमात दुखऱ्या हाताने ३२३ डाव टाकले, २७ सामने जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. रिझर्व्ह क्लॉजचा पाया ढासळायला डिसेंबर १९७५ उजाडावा लागला. तेव्हा लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निवाडा दिला, आणि त्यातील एक अर्जदार, अँडी मेसरस्मिथ, डॉजर्सचाच पिचर होता. १९७५ चा संपूर्ण मोसम तो करारावर सही न करता खेळला होता. यादीत त्या वर्षी नाव आहे ते डॉन सटनचे. १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षे सटनच दिसतो.

१९८१ : एक अपघात

९ एप्रिल १९८१ रोजी जेरी रॉइस उतरणार होता. ऐन वेळी त्याच्या पोटरीचा स्नायू दुखावला. दुसरा अनुभवी पिचर बर्ट हूटन हाही सज्ज नव्हता. व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांनी वीस वर्षांच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएलाला पाठवले. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील एका खेड्यात जन्मलेल्या या तरुणाने प्रमुख लीगमध्ये तोवर एकही सामना प्रारंभापासून खेळला नव्हता. ह्यूस्टनविरुद्ध त्याने पूर्ण सामना टाकून २-० असा विजय मिळवला. त्यानंतर पहिले आठही सामने त्याने जिंकले आणि त्यांतील पाचांत प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. वर्षअखेरीस सर्वोत्तम नवोदित आणि साय यंग हे दोन्ही पुरस्कार एकाच मोसमात मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला.

या घटनेला स्थानिक इतिहासाची पार्श्वभूमी आहे. डॉजर स्टेडियम ज्या चावेझ रॅव्हिन भागात उभे आहे, तेथे पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. सार्वजनिक गृहयोजनेच्या नावाखाली १९५० च्या दशकाच्या आरंभी ती हटवली गेली. योजना बारगळली आणि जमीन पुढे संघमालक वॉल्टर ओमॅली यांच्याकडे आली. शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी बळाने बाहेर काढले. या समाजाचा संघावरील रोष स्वाभाविक होता. व्हॅलेन्झुएलाच्या मोसमात हाच समाज मोठ्या संख्येने स्टेडियमकडे वळला. एका पिचरने विस्थापनाची जखम भरून काढली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्याच भूमीवर आपल्यापैकी कोणी मध्यभागी उभा आहे, या दृश्याचे मोलही नाकारता येत नाही. आणि हे सर्व एका दुखावलेल्या पोटरीमुळे घडले.

समुद्रापार

एकविसाव्या शतकातील नोंदींचा भूगोल वेगळा आहे. २००१ मध्ये कोरियाचा चान हो पार्क, २००३ व २००४ मध्ये जपानचा हिदेओ नोमो आणि २०१९ मध्ये पुन्हा कोरियाचा ह्युन-जिन र्‍यू यांनी सलामी दिली. विक्रम क्लेटन कर्शॉच्या नावे आहे : २०११ ते २०१८ सलग आठ आणि २०२१ मध्ये नववा. त्यांपैकी २०१३ च्या सामन्यात त्याने एकही धाव न देता पूर्ण सामना टाकला आणि वर स्वतः होम रनही मारला.

२०१४ चा सामना आपल्या वाचकांना कुतूहलाचा वाटेल, कारण तो सिडनी क्रिकेट ग्राउंडवर झाला. खेळाचा प्रसार हा त्यामागील हेतू उघड होता. डॉजर्सने ॲरिझोनाला ३-१ असे हरवले. परंतु त्यानंतर लगेच कर्शॉच्या पाठीचा स्नायू दुखावल्याचे आढळले आणि तो महिन्याहून अधिक काळ बाहेर राहिला.

२०२० मध्येही त्याची पाठ आडवी आली. महामारीमुळे मोसम २३ जुलैला, रिकाम्या प्रेक्षागृहासमोर सुरू झाला, आणि कर्शॉऐवजी डस्टिन मे उतरला. व्हॅलेन्झुएलानंतर डॉजर्सची सलामी करणारा तो पहिला नवोदित खेळाडू. एकोणचाळीस वर्षांच्या अंतराने यादीने तेच कारण पुन्हा नोंदवले. फरक इतकाच की या वेळी पाहायला मैदानात कोणी नव्हते.

२०२४ चा पहिला सामना सोलमध्ये टायलर ग्लॅस्नोने, तर २०२५ चा टोकियो डोममध्ये योशिनोबु यामामोतोने खेळला. टोकियोत शिकागो कब्जकडूनही शोता इमानागा हा जपानी पिचरच उतरला होता. डॉजर्सनी ४-१ असा विजय मिळवला. यामामोतोशी डिसेंबर २०२३ मध्ये झालेला करार बारा वर्षांचा, ३२ कोटी ५० लाख डॉलरचा होता, आणि त्यावर सही झाली तेव्हा अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये त्याने एकही चेंडू फेकलेला नव्हता.