निळ्या उजेडातला दाणा

१९६० साली इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागांत टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. आधी खाणे सुटायचे, मग पंख लोंबकळायचे आणि आठवडाभरात पिल्लू मान मागे ताणून, पाय लांब करून मेलेले सापडायचे. काही महिन्यांत लाखाहून जास्त टर्की गेल्या. पाठोपाठ बदकांची आणि फेझंट पक्ष्यांची पिल्लेही मरू लागली. पशुवैद्यांना पहिला संशय आला तो विषाणूचा. पण आजारी पिल्लाजवळ ठेवलेले निरोगी पिल्लू आजारी पडेना. रोगाला नाव देणेही जमेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स रोग’ म्हणू लागले.

मेलेल्या पक्ष्यांचे यकृत मात्र सगळीकडे सारखेच बिघडलेले होते. मग खाद्याचा माग काढायला सुरुवात झाली. विल्यम ब्लाउंट या पशुवैद्याने १९६१मध्ये या साथीचा सविस्तर अहवाल छापला. रोग जिथे जिथे होता तिथल्या खाद्यात एक जिन्नस समान निघाला : ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. भुईमुगाच्या दाण्यातून तेल काढल्यावर उरणारी पेंड म्हणजे जनावरांचा पौष्टिक खुराक, हे जसे आपल्याकडे गावोगावी ठाऊक आहे तसे ते तिकडेही होते. त्या पेंडीवर कुणाचा संशय जाण्याचे कारणच नव्हते.

पुढची गाठ युगांडाहून आलेल्या शेंगदाण्यांनी सोडवली. त्यांचा एक नमुना अतिशय विषारी निघाला, आणि त्यावर वाढलेली बुरशी वेगळी करून पाहिल्यावर ती ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ असल्याचे ठरले. ही काही अनोळखी बुरशी नव्हती. अ‍ॅस्परजिलस या कुळाचे बारसे फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९मध्येच केले होते. दमट मक्यावर, शेंगदाण्यावर, सरकीवर पिवळट-हिरवी पूड धरते ती हीच. शतकानुशतके लोकांनी तिला पाहिले, झटकले, उन्हात वाळवून धान्य परत कणगीत भरले. तिच्या पोटात काय आहे हे मात्र कुणी तपासले नव्हते.

तपासायचे तरी कशाने? विष कोणते हेच माहीत नव्हते, त्यामुळे त्याची रासायनिक चाचणी असणे शक्य नव्हते. वेब्रिज इथल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या रूथ ऑलक्रॉफ्ट, कार्नॅगन आणि लंडनच्या उष्णकटिबंधीय उत्पादन संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मोजमापाचे साधन म्हणून निवडले एक दिवसाचे बदकाचे पिल्लू. संशयित पेंडीचा अर्क पिल्लाला द्यायचा आणि सात दिवसांनी त्याचे यकृत पाहायचे. पित्तनलिकांच्या पेशी वाढलेल्या दिसल्या की अर्क विषारी. पिल्लाच्या वजनाच्या किलोमागे सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅम विष त्याचा जीव घ्यायला पुरते, हे नंतर कळले. अन्नातल्या या विषाची पहिली मोजपट्टी अशी जिवंत होती.

मग उजेड मदतीला आला. पेंडीचा अर्क शोषक कागदावर किंवा लेप दिलेल्या पट्टीवर टाकून त्यातले घटक एकमेकांपासून वेगळे केले आणि पट्टी अंधारात अतिनील दिव्याखाली धरली, तेव्हा विषारी नमुन्यांत एक ठिपका झळझळीत निळा दिसला. बारकाईने वेगळे केल्यावर निळ्याशेजारी हिरवाही ठिपका निघाला. १९६२ साली या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बुरशीच्या नावातला ‘अ’, ‘फ्ला’ आणि पुढे विष. १९६३पर्यंत कळले की ते एक नसून चार भावंडे आहेत. निळी चमकणारी दोन ती बी-१ आणि बी-२, हिरवी चमकणारी दोन ती जी-१ आणि जी-२. अक्षरे निळ्या आणि हिरव्या रंगाच्या इंग्रजी नावांची, एवढाच त्यांचा अर्थ. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमध्ये ब्यूखी आणि वोगन यांच्या गटाने या रेणूंची रचना उलगडली. साथ उठल्यापासून रेणूचे चित्र हाती येईपर्यंत तीन वर्षे लागली. त्या काळच्या उपकरणांकडे पाहता हा वेग थक्क करणारा आहे.

दिव्याची ताकद विलक्षण होती. बी-१ एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके असले तरी पट्टीवर त्याचा निळा ठिपका डोळ्यांना दिसतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे तंत्र लगेच उचलले ते या साधेपणामुळे. लेप दिलेली काचपट्टी, काही द्रावणे, एक दिवा आणि अंधारी खोली, एवढ्यावर काम होत होते.

आणि मग जुनी कोडी सुटू लागली. अमेरिकेत १९५०च्या दशकात कुत्र्यांना होणारा यकृताचा एक गूढ आजार, त्याच देशात १९६० साली मत्स्यबीज केंद्रांतल्या ट्राउट माशांच्या यकृतात आढळलेल्या गाठी. माशांच्या खाद्यात सरकीची पेंड होती. १९६१मध्येच ब्रिटनमध्ये विषारी पेंड खाऊ घातलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. म्हणजे हे विष जास्त मात्रेत चटकन मारते आणि थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे वाट पाहते. बी-१ यकृतात पोचल्यावर यकृतच ते बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्याचे अधिक तिखट रूप तयार करते, आणि ते रूप थेट डीएनएला जाऊन चिकटते. १९८७मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात खात्रीने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले.

भारतासाठी या शोधाची वेळ फार नाजूक होती. कुपोषित मुलांना स्वस्त प्रथिने मिळावीत म्हणून शेंगदाण्याच्या पिठाचे पूरक आहार तयार करण्याचे काम तेव्हा जोरात होते आणि त्यावर मोठी भिस्त होती. ज्या पिठाने मूल उभे राहायचे, त्यातच यकृत जाळणारे विष असू शकते, हे कळणे किती जड गेले असेल! हैदराबादला तुळपुळे, माधवन आणि गोपालन या शास्त्रज्ञांनी कोवळ्या माकडांना अफ्लाटॉक्सिन देऊन त्यांच्या यकृताची हानी १९६४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. प्रश्न पक्ष्यांपुरता नाही, याची ही स्पष्ट सूचना होती. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिनविषयक सल्लागार गटाने अशा पूरक आहारासाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली. शून्य सांगितले असते तर मुलांच्या तोंडचा घासच गेला असता. पुढे पुष्कळ वर्षे भारतीय कायद्यातही हाच ३०चा आकडा राहिला.

१९७४ साल आले. राजस्थानातला बांसवाडा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पंचमहाल हा भिल्लांचा प्रदेश, मका हे रोजचे अन्न. कणसे तयार होत असताना अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच साठवला गेला, आणि घरात दुसरे काही नसल्यामुळे तोच खाल्ला गेला. कावीळ सुरू झाली, पोटात पाणी भरू लागले. गावातली कुत्रीही तशाच लक्षणांनी मरत होती, आणि या आजाराचे उगमस्थान ताटात आहे हे सांगणारी तीच सर्वांत ठळक खूण ठरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी, भट, नागराजन आणि टिळक यांनी केलेली पाहणी १९७५मध्ये प्रसिद्ध झाली. नोंदलेले रुग्ण ३९७, मृत्यू १०६. बुरसटलेल्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. सल्लागार गटाने सुचवलेल्या मर्यादेच्या हे दोनशे ते पाचशे पट होते.

विष ओळखणारा दिवा तोवर बारा वर्षे जुना झाला होता. निर्यातीच्या शेंगदाण्यासाठी तो पेटत होता, पण बांसवाड्याच्या मक्यापर्यंत तो माणसे मेल्यावर पोचला. अफ्लाटॉक्सिनच्या इतिहासात हा फरक वारंवार दिसतो. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात ओला मका घरात साठवला गेला आणि तिथे ३१७ रुग्णांपैकी १२५ दगावले. जो आपल्याच शेतातले पिकवून आपल्याच घरात खातो, त्याच्या धान्याला कुठलीही प्रयोगशाळा आडवी येत नाही.

चाचणीपुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती उपकरणे कितीही सुधारली तरी संपत नाही. बुरशी सगळ्या दाण्यांवर सारखी चढत नाही. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात विष ठासून भरलेले असते. अशा एका दाण्यात त्याच्या वजनाच्या हजाराव्या भागाहूनही जास्त अफ्लाटॉक्सिन आढळले आहे. हिशेब करून पाहावा. अर्धा ग्रॅम वजनाचा असा एक दाणा दहा हजार दाण्यांत, म्हणजे पाच किलोंत, मिसळला तर त्या सगळ्या पाच किलोंची सरासरी किलोमागे १०० मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेची मर्यादा २० आहे. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपीय संघाची तर फक्त ४. आता पोत्यातून ओंजळभर दाणे उचलले तर तो एक दाणा हाती लागणार का?

अमेरिकी कृषी खात्यातल्या टॉमस व्हिटेकर यांनी उत्तर कॅरोलायनात बसून दशकानुदशके याच प्रश्नाचे गणित मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा नमुना उचलण्यातली चूक कितीतरी मोठी असते. म्हणून नमुना किलोंनी घ्यावा लागतो, ठिकठिकाणाहून घ्यावा लागतो, आणि सगळा दळून एकजीव करून त्यातला थोडासा भाग तपासावा लागतो. दळलेला माल खाण्यात जात नाही. खाण्यात जातो तो न तपासलेला. अहवालावरचा आकडा हा त्यामुळे नेहमी अंदाजच असतो, आणि अन्नसुरक्षेच्या चर्चेत ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

चाचण्या मात्र स्वस्त आणि सोप्या होत गेल्या. अफ्लाटॉक्सिनचा रेणू एवढा लहान असतो की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो मोठ्या प्रथिनाला जोडून सशाला टोचला आणि सशाच्या रक्तातून त्याला नेमके पकडणारी प्रतिद्रव्ये मिळवली. या प्रतिद्रव्यांवर उभी राहिलेली एलायझा चाचणी हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने स्वस्तात उपलब्ध केली, तेव्हा आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या छोट्या प्रयोगशाळांनाही ती परवडू लागली. आता पट्टी बुडवून काही मिनिटांत उत्तर देणारे संचही बाजारात आहेत.

सापडलेले विष काढायचे कसे? उकळून, शिजवून ते जात नाही. भाजल्याने थोडे घटते, संपत नाही. तेल क्षारांनी शुद्ध करताना ते बहुतेक निघून जाते, पण घाण्याच्या कच्च्या तेलाला ही सोय नाही, आणि पेंडीत तर ते उरतेच. सर्वांत गुणकारी उपाय जुनाच आहे : निवडणे. आक्रसलेला, डागाळलेला, साल सहज न सुटणारा दाणा बाजूला काढला तर मालातले बरेचसे विष त्याच्याबरोबर जाते. कारखान्यांत हे काम रंग ओळखणारी यंत्रे करतात, लहान गिरण्यांत आणि खळ्यांवर बायकांचे हात. खरा प्रश्न बाजूला काढलेल्या दाण्यांचा आहे. ते फेकले जात नाहीत. ते स्वस्तात विकले जातात, घाण्यात जातात, त्यांची पेंड होते आणि ती गोठ्यात पोचते.

गाईने बी-१ खाल्ले की चोवीस तासांच्या आत त्याचेच बदललेले रूप, एम-१, दुधात उतरते. विषारी पेंड खाल्लेल्या गाईच्या दुधात विष येते, हेही ऑलक्रॉफ्ट आणि कार्नॅगन यांनी १९६३मध्येच दाखवले होते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधातल्या पाण्याबद्दल आपल्याकडे घरोघर बोलले जाते, या ५.७ टक्क्यांबद्दल नाही. दुधाच्या भेसळीइतकीच काळजी पेंडीच्या पोत्याचीही करायला हवी. खाद्य बदलले की काही दिवसांत दूध स्वच्छ होते, म्हणजे हा उपाय हाताबाहेरचा नाही.

चीनमधल्या चिदोंग या भागात तर अन्नबदलाने माणसांचे आयुष्य वाढले. तिथले लोक मका खात आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण भयंकर होते. १९८०च्या दशकात धान्यविषयक धोरण बदलले, लोक तांदळाकडे वळले, रक्तातल्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा घटत गेल्या आणि पुढच्या दशकांत यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहून खाली आले. कावीळ-ब आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो, हे शांघायच्या अभ्यासातून १९९२मध्ये पुढे आले होतेच.

पण बुरशी गोदामात जन्मत नाही, ती मातीत असते. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरून शेंग भरत असताना शेवटचे काही आठवडे पाऊस ओढ देतो, माती तापते, आणि ताणाखालच्या शेंगेत बुरशी शिरते. म्हणजे काढणीआधीच विष तयार असते. त्या आठवड्यांत एखादे पाणी देता आले आणि काढलेल्या वेली शेंगा वर करून वाळवल्या तर मोठा फरक पडतो.

याच मातीत पीटर कॉटी या अमेरिकी शास्त्रज्ञाला अ‍ॅरिझोनात काही वेगळे सापडले. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे काही वाण विष बनवतच नाहीत. अशा निर्विष वाणाची बीजे वेळेवर शेतात पेरली तर ती जागा अडवतात आणि विषारी भाईबंदांना वाढू देत नाहीत. अमेरिकेत कपाशीसाठी या तंत्राला परवानगी मिळाली, आणि नायजेरियाच्या इबादान इथल्या संशोधन संस्थेत रणजित बंद्योपाध्याय यांच्या गटाने कॉटी यांच्यासह ते आफ्रिकेतल्या मक्यासाठी आणि भुईमुगासाठी उभे केले. बुरशीचे वाहन म्हणून त्यांनी वापरले ज्वारीचे दाणे. भाजून निर्जीव केलेल्या ज्वारीवर निर्विष बुरशीचा लेप द्यायचा आणि पीक फुलावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी सुमारे दहा किलो दाणे शेतात फेकायचे. वाण मात्र परदेशातून आणून चालत नाही. प्रत्येक देशाच्या मातीतून आणि धान्यातून बुरशीचे हजारो नमुने गोळा करून, त्यातले कधीच विष न बनवणारे आणि त्या हवामानात तगून राहणारे निवडावे लागतात, आणि हे काम तिथल्या तिथे, शेतोशेती फिरूनच होते.