श्रीरामपूरचे एकत्र घर

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपुरात छापले गेले, हे आपण कौतुकाने सांगतो. ते छापणाऱ्या घराकडे मात्र आपले लक्ष जात नाही. १८०० पासून तिथे मिशनरी कुटुंबे एकत्र राहत. पंगत एक, तिजोरीही एक. शनिवारी संध्याकाळी सारे जमून आपसांतले रुसवे मिटवत, मग रविवारची उपासना. डोरोथी केरींचे दुःख मात्र त्या बैठकीत मिटणारे नव्हते. इंग्लंड सोडायला त्या आधी तयारच नव्हत्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. पुढे त्यांचे मन ढासळले, ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरले नाही. व्याकरणावर केरींचे नाव आहे. आपल्याही किती पणज्या न विचारताच परमुलखात आणल्या गेल्या, हे घरात एकदा विचारून पाहा.