डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतोय? गाडी थांबवायची की गॅरेजपर्यंत न्यायची, असे ओळखा

चार वर्षांपूर्वी कांदा विकून जुन्या डिझेल गाडीने रात्री घरी येत होतो. वळणावर, गतिरोधकावर ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. गाडी पळतेय ना, सकाळी बघू म्हटलं. गाव सहा किलोमीटरवर असताना इंजिन खडखडलं आणि जाम झालं. खाली ऑईल गळत होतं. डबाभर ऑईलने भागलं असतं, तिथं कांद्याची सगळी पट्टी इंजिनच्या कामात गेली. ही चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून ही माहिती.

आधी रंग बघा

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे जपून चालवा आणि लवकर दाखवा. हिरवा, निळा ही फक्त माहिती असते. पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर बिघाड बहुधा जास्त गंभीर असतो.

चावी ऑन केल्यावर बरेच दिवे एकदम लागतात. ती तपासणी असते. इंजिन चालू झाल्यावर ते विझले पाहिजेत. जुनी गाडी घेताना हे जरूर बघा. चावी ऑन करूनही इंजिनचा दिवा लागतच नसेल, तर बिघाड लपवायला तो बंद केलेला असू शकतो.

ऑईलची किटली (लाल)

इंजिनमध्ये ऑईलचा दाब कमी झालाय. ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सपाट जागेवर दहा मिनिटे थांबून ऑईलची काडी काढा, पुसा, परत घाला आणि बघा. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल तर योग्य ग्रेडचे ऑईल भरा. भरूनही दिवा विझला नाही, किंवा ऑईल बरोबर असूनही दिवा लागतोय, तर गाडी चालवू नका. टोइंग करून न्या.

थर्मामीटरचे चिन्ह (लाल)

इंजिन तापलंय. काही गाड्यांत आधी दिवा लुकलुकतो आणि फारच तापलं की स्थिर होतो. म्हणजे लुकलुकतोय तेव्हाच सावध व्हायचं. एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते, तोंड-हात भाजतात. निदान अर्धा तास थंड होऊ द्या, मग कुलंट बघा. अडचणीत साधे पाणी चालते, पण नंतर कुलंट बदलून घ्या. गळका पाईप, बंद पडलेला पंखा, रेडिएटरला बसलेला भुसा आणि चिखल ही नेहमीची कारणे.

बॅटरीचे चिन्ह (लाल)

बॅटरी चार्ज होत नाही. बेल्ट तुटलाय का ते बोनेट उघडून बघा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, तेव्हा बेल्ट तुटला असेल तर पुढे जाऊ नका. बेल्ट ठीक असेल तर एसी, टेप बंद करून जवळचे गॅरेज गाठा. मध्ये इंजिन बंद करू नका, परत चालू होईल याची खात्री नसते.

ब्रेकचे चिन्ह (लाल)

आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. असेल तर ब्रेक ऑईलची पातळी बघा. पेडल मऊ लागतंय किंवा खाली जातंय तर गाडी जागेवरून हलवू नका. अशी गाडी दोरी बांधून ओढू नका, ती पुढच्या गाडीवर आदळते. उचलून न्या.

इंजिनचे चिन्ह (पिवळे)

स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर दोन-चार दिवसांत स्कॅनर लावून घ्या. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत हा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर एखादा सिलेंडर मिस होतोय. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो भाग महाग असतो. एक्सलेटर सोडा, वेग कमी करा. दिवा विझला नाही तर थांबा. बहुतेक वेळा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब निघते. सीएनजीवर झिजलेले प्लग लवकर त्रास देतात.

बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफचा वेगळा दिवा असतो. घर ते शेत एवढीच गाडी फिरवली की त्यात काजळी साठते. हा एकच दिवा असेल तर पंधरा-वीस मिनिटे हायवेला साठच्या पुढे चालवल्यावर बहुधा काजळी जळून जाते.

कुलूप किंवा चावीचे चिन्ह

गाडी बंद असताना हा दिवा लुकलुकत असेल तर काळजी नको, ती चोरीपासूनची सुरक्षा आहे. चावी फिरवल्यावरही लुकलुकतोय आणि गाडी चालू होत नाही, तर चावी ओळखली जात नाहीये. दुसरी चावी लावून बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

ऊस किंवा गोदामाजवळ गाडी उभी असते त्यांनी उंदरांचा विचार आधी करावा. वायर कुरतडली की एकदम तीन-चार दिवे लागतात. बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेली वायर दिसते का बघा.

आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. दिवा जातो, बिघाड तसाच राहतो. वर कॉम्प्युटरमधला कोडही पुसला जातो, मग मेस्त्रीला अंदाजाने पार्ट बदलावे लागतात आणि पैसे आपले जातात. कोणता दिवा, कधी लागला, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मेस्त्रीला दाखवा.

दर आठवड्याला सकाळी थंड इंजिनवर ऑईलची काडी आणि कुलंटची टाकी बघायला दोन मिनिटे लागतात. मी आता दर रविवारी बघतो.