माउंटन बाईक टायरच्या श्रेणी

माउंटन बाईकचे टायर सामान्यतः किफायती, मध्यम आणि उच्च अशा तीन श्रेणींत विकले जातात. या श्रेणी कोणत्याही आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित केलेल्या नाहीत. प्रत्येक उत्पादक त्या आपापल्या पद्धतीने ठरवतो. एकाच नावाचा आणि एकसारख्या नक्षीचा टायर दोन किंवा अधिक श्रेणींत उपलब्ध असतो. त्यांच्या किमतींतील फरक मुख्यतः चार घटकांमुळे पडतो: केसिंग, रबराचे मिश्रण, बीड आणि ट्यूबलेस वापराची सोय. हे घटक नक्षीप्रमाणे सहज नजरेस पडत नाहीत, त्यामुळे केवळ नाव वा बाह्य रूप पाहून टायरची श्रेणी ओळखता येत नाही. उच्च श्रेणीचा टायर प्रत्येक बाबतीत सरस असतो असेही नाही. पकड, वजन, टिकाऊपणा आणि वेग हे गुण बऱ्याचदा परस्परविरोधी असतात व किमतीबरोबर ते सर्व एकाच वेळी वाढत नाहीत.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीमध्ये काही सायकलस्वार जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून उतरू लागले. या सायकलींना २६ इंची चाके आणि सुमारे २.१२५ इंच रुंदीचे फुगीर टायर असत. फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ पासून भरलेल्या ‘रीपॅक’ शर्यतींमुळे या प्रकाराला चालना मिळाली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादित माउंटन बाईक बाजारात आणली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा समावेश झाला.

खेळाच्या क्रॉस-कंट्री, ट्रेल, एन्ड्युरो आणि डाउनहिल अशा शाखा पडत गेल्या, तसे टायरचेही प्रकार वाढले. १९९९ मध्ये माव्हिक, हचिन्सन आणि मिशलॅन या कंपन्यांनी माउंटन बाईकसाठी ‘यूएसटी’ ही ट्यूबलेस प्रणाली आणली. सध्या २६, २७.५ आणि २९ इंची टायर प्रचलित असून त्यांच्या रिमचे बीड बसण्याच्या जागेचे व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतात.

किंमत ठरवणारे घटक

केसिंग
टायरच्या रबराखाली असलेल्या धाग्यांच्या अस्तराला केसिंग म्हणतात. हे धागे बहुधा नायलॉनचे असतात. एका इंचात किती धागे बसतात त्या संख्येला ‘टीपीआय’ म्हणतात. स्वस्त टायरमध्ये ही संख्या सुमारे ३०, तर अन्य टायरमध्ये ६० किंवा १२० असते. संख्या जास्त असल्यास धागे बारीक असतात व केसिंग अधिक लवचिक होते. असा टायर दगडधोंड्यांवरून जाताना सहज दबतो आणि त्यात ऊर्जा कमी वाया जाते. मात्र बारीक धाग्यांचे पातळ केसिंग तीक्ष्ण दगडाने लवकर फाटू शकते. म्हणूनच डाउनहिलसाठीच्या महागड्या टायरमध्ये अनेकदा ६० टीपीआयचे दुहेरी थर वापरतात.

वेगवेगळ्या उत्पादकांच्या टीपीआय आकड्यांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरू शकते. काही उत्पादक एकाच थरातील धागे मोजतात, तर काही सर्व थरांची बेरीज देतात. उदाहरणार्थ, कॉन्टिनेन्टलच्या टायरवरील ‘३/१८०’ याचा अर्थ ६० टीपीआयचे तीन थर असा होतो.

रबराचे मिश्रण
नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी आणि सिलिका यांच्या प्रमाणानुसार रबराचे गुणधर्म बदलतात. रबराची कठिणता ‘शोअर ए’ या मापनश्रेणीत सांगतात. माउंटन बाईकच्या टायरमध्ये ती सुमारे ४२ पासून ६० च्या पुढेपर्यंत आढळते; आकडा जितका लहान तितके रबर मऊ. मऊ आणि दबल्यावर सावकाश पूर्ववत होणारे रबर ओल्या खडकाला चांगले धरून राहते, परंतु ते लवकर झिजते आणि चाक फिरताना अधिक रोध निर्माण करते.

किफायती टायर बहुधा एकाच कठिणतेच्या रबराचा असतो. महागड्या टायरमध्ये दोन किंवा तीन मिश्रणे एकत्र वापरतात: पायाला कठीण रबर, मध्यभागी मध्यम आणि वळणावर जमिनीला टेकणाऱ्या कडेच्या उंचवट्यांना मऊ रबर. या उत्पादनपद्धतीमुळे किंमत वाढते.

बीड
रिममध्ये अडकून बसणाऱ्या टायरच्या कडेला बीड म्हणतात. किफायती टायरमध्ये बीड पोलादी तारेचे असते. महागड्या टायरमध्ये ते केव्लारसारख्या ॲरामिड तंतूंचे असते, त्यामुळे टायरची घडी घालता येते आणि एका टायरमागे साधारण ५० ते १०० ग्रॅम वजन वाचते. पोलादी बीड मात्र कमकुवत नसते. डाउनहिल शर्यतींच्या काही टायरमध्येही ते वापरले गेले आहे.

ट्यूबलेस सोय
ट्यूबलेस टायरचे बीड अधिक घट्ट बसणारे आणि बाजू हवाबंद असते. आत ओतलेले द्रवरूप सीलंट लहान छिद्रे आपोआप बुजवते. ट्यूब नसल्यामुळे ती रिम व दगड यांच्यात चिमटून होणारे पंक्चर टळते आणि कमी दाबाने सायकल चालवता येते. ज्या टायरवर ट्यूबलेस वापराचा उल्लेख नाही तो ट्यूबशिवाय वापरणे धोक्याचे असते, कारण धक्का बसल्यास बीड रिममधून अचानक निसटू शकते.

एकाच नावाचे वेगवेगळे टायर

जर्मनीतील श्वाल्बे ही कंपनी आपले काही टायर ‘परफॉर्मन्स’ आणि ‘इव्होल्यूशन’ अशा दोन श्रेणींत विकते. दोहोंची नक्षी सारखी असली तरी वरच्या श्रेणीत केसिंगचे आणि ‘ॲडिक्स’ रबराचे अधिक पर्याय मिळतात. ॲडिक्सचे स्पीड, स्पीडग्रिप, सॉफ्ट आणि अल्ट्रा सॉफ्ट हे प्रकार अनुक्रमे लाल, निळ्या, नारिंगी आणि जांभळ्या रेषेने दर्शवले जातात. तैवानमधील चेंग शिन रबर कंपनीच्या मॅक्सिस या नाममुद्रेचा ‘मिनियन डीएचएफ’ हा टायरही अनेक आवृत्त्यांत मिळतो. त्यावरील ‘एक्सो’, ‘डबलडाउन’ आणि ‘डीएच’ ही अक्षरे केसिंगचे संरक्षण, ‘३सी’ हे तिहेरी मिश्रण, तर ‘टीआर’ ही ट्यूबलेस सोय दर्शवतात.

यावरून एखाद्या टायरच्या परीक्षणात वर्णिलेले गुण त्याच नावाच्या स्वस्त आवृत्तीत असतीलच असे मानता येत नाही. नवीन सायकलीसोबत येणारे टायरदेखील अनेकदा प्रसिद्ध नावाची कमी किमतीची आवृत्ती असतात.

वजन आणि किंमत

महाग टायर हलका असतो हा समज अंशतःच खरा आहे. उच्च श्रेणीचे क्रॉस-कंट्री टायर बहुधा ६०० ते ७५० ग्रॅमचे असतात, तर त्याच श्रेणीतील डाउनहिल टायर १,२०० ग्रॅमपेक्षा जड असू शकतात. पहिल्या प्रकारात खरेदीदार वजन कमी करण्यासाठी पैसे मोजतो, दुसऱ्यात फाटण्यापासूनच्या संरक्षणासाठी.

निवडीचे निकष

पुढचे व मागचे चाक: पुढचे चाक घसरल्यास तोल सावरणे अवघड असते, तर मागचे चाक घसरल्यास बहुधा सावरता येते. मागच्या चाकावर भार अधिक असतो व पेडलचे बलही त्याच चाकावर येते, म्हणून तो टायर लवकर झिजतो. त्यामुळे खर्च मर्यादित असल्यास चांगल्या रबराचा टायर पुढे आणि कठीण रबराचा टिकाऊ, तुलनेने स्वस्त टायर मागे लावण्याची पद्धत रूढ आहे.

मार्ग: डांबरी रस्ता आणि सपाट कच्चा रस्ता यांवर किफायती टायर पुरेसा ठरतो. अशा ठिकाणी मऊ रबराचे उंचवटे लवकर झिजून जास्तीचा खर्च वाया जातो. ओले खडक, मुळे आणि तीव्र उतार असलेल्या वाटांवर मात्र रबराच्या मिश्रणातील फरक थेट सुरक्षिततेशी निगडित असतो.

हवेचा दाब: दाब अयोग्य असल्यास महागड्या टायरचाही लाभ मिळत नाही. फार जास्त दाबामुळे टायर खडकावरून उसळतो, फार कमी दाबामुळे रिमला इजा होते. टायर बदलण्यापूर्वी दाब तपासणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात माउंटन बाईकचा उपयोग शहरी रस्त्यांवर रोजच्या प्रवासासाठीही केला जातो. अशा वापरासाठी कमी उंचवट्यांचा, कठीण रबराचा किफायती टायर अधिक योग्य असतो. सह्याद्रीतील घाटवाटांवर बेसॉल्टचे सुटे, धारदार दगड आढळतात, तेथे टायरच्या बाजूची मजबुती महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पुढच्या टायरची पकड निर्णायक असते. पठारी भागात बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होण्याचे प्रमाण सीलंटयुक्त ट्यूबलेस टायरमुळे कमी करता येते.

झीज आणि बदल

कडेचे उंचवटे मुळाशी फाटणे, केसिंगचे धागे उघडे पडणे, बाजूला फुगवटा येणे किंवा रबराला भेगा जाणे ही टायर बदलण्याची लक्षणे आहेत. ऊन, उष्णता आणि ओझोन यांमुळे न वापरलेला टायरही कालांतराने कडक होतो. अशा टायरची पकड त्याची मूळ श्रेणी कोणतीही असली तरी कमी झालेली असते.