फंक्शनल एमआरआय व देवनागरीचे वाचन

चुंबकीय अनुस्पंदनाने मेंदूच्या चालू कामाचा माग काढण्याची पद्धत. रूढ नाव एफएमआरआय. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते, इथे त्याचे काम. क्ष-किरण किंवा किरणोत्सारी द्रव्य लागत नाही.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि गरजेपेक्षा जास्तच प्राणवायू येतो. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवते, प्राणवायू धरलेले बिघडवत नाही. हिमोग्लोबिनचा हा गुण पॉलिंग व कोरियेल यांनी १९३६ मध्ये नोंदवला. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्याच्यावर मेंदूचे चित्रण उभे केले आणि १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले निबंध आले. यंत्राला मिळणाऱ्या संकेतातला फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो आणि तो शिगेला पोचायला ५-६ सेकंद लागतात. यंत्राला रक्त दिसते, विचार दिसत नाही. म्हणून ‘मेंदूत प्रेमाची जागा सापडली’ अशा बातम्या सावधपणे वाचाव्यात. २००९ मध्ये संशोधक क्रेग बेनेट यांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली. चित्रातले हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना करायची सांख्यिकी दुरुस्ती वगळली, तर त्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसत होती.

मराठी वाचकाला जवळचा प्रयोग देवनागरीचा आहे. रोमन लिपीत अक्षरे एकामागे एक येतात. देवनागरीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या चारही बाजूंना बसतात. अकोला-वाशिम रस्त्यावरचे पातूर घ्या. तिथल्या टेकडीवरच्या देवीचे नाव ‘रेणुका’: मात्रा ‘र’च्या डोक्यावर, उकार ‘ण’च्या पायाशी, काना ‘क’च्या उजवीकडे. एसटीच्या पाटीवरच्या ‘वाशिम’मध्ये वेलांटी ‘श’च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. नुकते वाचायला शिकलेले मूल तिथे बोट थांबवते, पुढचा ‘श’ पाहते, मागे येते आणि मग ‘शि’ म्हणते.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह व सहकाऱ्यांनी हिंदी वाचकांना यंत्रात देवनागरीतील शब्दसमूह वाचायला दिले. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. वाचनात अपेक्षित असलेल्या डाव्या बाजूच्या भागांबरोबर उजव्या बाजूचे भागही कामाला लागलेले दिसले. लिपीच्या या चौफेर मांडणीशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला. लिपी एकच असली तरी वाचक हिंदी होते, त्यामुळे हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावू नये.

दवाखान्यात या पद्धतीचा मोठा उपयोग मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेआधी होतो. भाषेचे भाग गाठीपासून किती दूर आहेत हे पाहण्यासाठी रुग्णाला शब्द आठवायला सांगतात. ते त्याच्या रोजच्या बोलीत विचारले पाहिजेत. पातूरच्या शेतकऱ्याला ‘वावरात काय काय हाय?’ असे विचारले, की पराटी (कपाशी), तूर, सोयाबीन हे शब्द अडखळल्याशिवाय येतील. ते मनातल्या मनात म्हणायचे. बोलताना जबडा हलला की डोके हलते आणि चित्र बिघडते.