पिंगलाची संख्यारीत आणि स्वावर्तनाचे अध्यापन

सांगलीतील विश्रामबाग येथे विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) अशी दोन विद्यास्थाने आहेत. छंदःशास्त्र हा पहिल्याचा विषय, तर संगणकाची आज्ञावली हा दुसऱ्याचा, असा आपला समज. ‘रिकर्शन’ या संकल्पनेपुरता तरी तो टिकत नाही.

१९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा निर्माण झाली, तेव्हापासून ही संकल्पना लहान वयात शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिला ‘पुनरावृत्ती’ म्हटले की विद्यार्थी तेच ते पुन्हा करणे एवढाच अर्थ घेतो. वस्तुतः येथे कृती आपल्याच लहान रूपाकडे उतरते आणि तेथील उत्तर घेऊन परत वर येते. ही परतीची वाटच विद्यार्थ्याला दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखक ‘स्वावर्तन’ हा शब्द योजतो.

पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या आठव्या अध्यायात ही वाट स्पष्ट आढळते. सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरुभेद किती? सहाचे अर्ध तीन; ‘दोन’ ही खूण लिहावी. तीन विषम; एक वजा करून ‘शून्य’ लिहावे. उरलेल्या दोनाचे अर्ध एक, पुन्हा ‘दोन’. त्या एकातून एक वजा, पुन्हा ‘शून्य’. आता एकापासून आरंभ करून खुणा खालून वर वाचाव्या: शून्याला दुप्पट, दोनाला वर्ग. २, ४, ८, ६४. लिहून ठेवलेल्या खुणा म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या कामाची स्मृती होय. संगणकही नेमके हेच राखून ठेवतो. (यावरून संगणकशास्त्र आपल्याकडे पूर्वीच होते असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. पिंगलाला भेद मोजावयाचे होते, यंत्र चालवावयाचे नव्हते.)

शाळकरी मुलांसाठी विरहाङ्काची मात्रागणना अधिक सुलभ आहे. त्याच्या प्राकृत ‘वृत्तजातिसमुच्चया’चे संपादन ह. दा. वेलणकर यांनी केले. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, एवढे मराठीच्या तासाला मुलांना कळलेले असते. चार मात्रांची रचना लघूने संपली, तर मागे तीन मात्रा उरतात. गुरूने संपली, तर दोन. तीन मात्रांचे भेद तीन: लग, गल, ललल. दोन मात्रांचे दोन: ग, लल. पहिल्या तिहींपुढे ‘ल’ आणि दुसऱ्या दोहोंपुढे ‘ग’ जोडला की लगल, गलल, लललल, गग, ललग हे पाच भेद सिद्ध होतात. पाच मात्रांचे आठ भेद मुलाने स्वतःच फळ्यावर मांडावे.